एका छपराखाली राहिल्याचा पुरावा

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आता नीट आठवत नाही, शिव्या मात्र शब्दन् शब्द आठवतात. आज लिहायला बसले, कारण घरात बोलण्यासारखं कोणी नाही. मुलगा ऑफिसला गेलाय, सून गप्प आहे, आणि नातीचा फोन सकाळीच येऊन गेला. ही तुझी पणती, तू पाहिली नाहीस. खराडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत होती. आपल्यातलाच मुलगा सांगून आला, अमेरिकेत राहणारा, तिथला नागरिक झालेला. आमच्या विश्रांतवाडीच्या गल्लीत पेढे वाटले. मी विचारलं, मुलगा बोलतो कसा? माझा मुलगा म्हणाला, "आई, त्याचं सगळं सेटल आहे." बोलतो कसा, ते कोणी सांगितलं नाही.

लग्नावर तिला तिथे कायम राहायचं ग्रीन कार्ड मिळालं. पण कार्ड म्हणजे भाडेकरू. मालक व्हायचं तर नागरिकत्व लागतं. बाकीच्यांना त्यासाठी पाच वर्षं थांबावं लागतं, नवरा नागरिक असेल तर बायकोला तीन. अट एकच, ती तीन वर्षं नवऱ्याबरोबर एका छपराखाली काढलेली पाहिजेत, आणि त्याचा पुरावा द्यायचा. दोघांच्या नावाचं लाइटबिल, दोघांचं बँकेतलं खातं, दोघांचे फोटो. ते फोटो मी पाहिलेत. दोघंही हसतात. आमच्या लग्नाच्या फोटोत कोणी हसत नव्हतं, म्हणजे निदान फोटो तरी खोटा नव्हता.

दुसऱ्या वर्षी तिला दिवस गेले आणि चौथ्या महिन्यात मूल गेलं. आपल्यात मूल गेलं तरी बाई बाळंतीणच, कच्ची बाळंतीण, तिला उलट जास्त जपायचं. मी मुलाला म्हटलं, बोलावून घे तिला. आली. अळिवाची खीर, शेक, रोज अंगाला तेल. पहिल्याच दिवशी पाटावर बसवून पाठ उघडी केली तर बरगडीखाली वळ, पिवळे पडलेले. पिवळा म्हणजे जुना, हे मला कोणी शिकवायला नको.

"हे कशाने गं?"

"कपाट लागलं, आजी."

"कपाटाला चार बोटं असतात होय तिकडे?"

ती हसली, मग पाटावरच गुडघ्यात तोंड घालून बसून राहिली. मी तेल लावत राहिले. दुसरं काय करणार?

मी तुझ्याकडे आले होते तो दिवस तुला आठवतो का? ओठ फाटलेला, अंगावर एक लुगडं. तू बंगल्यांतली भांडी घासून आलेली, चुलीपुढे भाकरी थापतेयस. वळून बघतेस आणि म्हणतेस, "तोंड धू, खा, अन् दुपारच्या गाडीनं माघारी जा. हितं बसून काय कुत्री हाकणार हायेस?" मग स्वारगेटला नेलंस आणि वाटेत मला नव्या चपला घेतल्यास. मला वाटलं, विरघळली. तू म्हणालीस, "फाटक्या चपला बघून सासरची म्हणतील, हिला म्हायेरी कुणी इचारत न्हाई." बुद्धाची दीक्षा घेतल्यावर घरातले सगळे देव तू नदीत सोडलेस, नवरा नावाचा तेवढा ठेवलास.

म्हणून मी ठरवलं, हिला पाठवायची नाही. नातजावयाचा फोन आला की मीच घ्यायचे. "अहो, कच्च्या बाळंतिणीला आमच्यात प्रवास चालत नाही." तो म्हणाला, "आजी, इथे बायका दोन दिवसांत कामाला लागतात." मी म्हटलं, "मग तिथलीच बघायची होतीत." डॉक्टर नाही म्हणतात, अशक्तपणा आहे, तोंडाला येईल ते सांगितलं. असे सात महिने मी तिला ठेवून घेतलं. तिचे गाल भरले. वर्षाच्या आत परत गेलं की कार्डाला धोका नाही, एवढंच तिला माहीत होतं, आणि आम्हाला तर तेवढंही नाही.

शेवटी तीच म्हणाली, "जाते मी. थोडंच राहिलंय. तिथला पासपोर्ट हातात आला की त्याच दिवशी त्याला सोडते."

"कार्ड आहे ना? आत्ताच सोड."

"त्याने लिहून दिलं की हिने कार्डासाठी लग्न केलं, तर? रोज हीच धमकी असते, आजी."

गेली. तीन वर्षं भरल्यावर अर्ज केला, मुलाखतीला बोलावलं. समोर बाईच होती म्हणे, गोड बोलणारी. पासपोर्टचे शिक्के बघत बघत एका पानावर थांबली. एवढे महिने कुठे होतात? ही म्हणाली, आजीकडे, बरी होत होते. नवऱ्याला सोडून? सहा महिन्यांच्या वर देशाबाहेर राहिलं की वर्षांची गणती मोडते, तशी मोडली. अर्ज फेटाळला. आता परत गेल्या दिवसापासून नव्याने मोजायचं, आणि तोवर त्याच छपराखाली राहायचं. तू मला एका दुपारीत माघारी धाडलंस. मी हिला सात महिने खीर घातली आणि तिची शिक्षा वाढवून दिली.

मुलगा आता म्हणतो, मार खाणाऱ्या बायकांसाठी तिकडे कायद्यात वेगळी वाट असते, चांगला वकील गाठायला हवा. मी ते तिला सांगितलं. ती म्हणाली, "वकिलाला पैसे कुठून देऊ? खातं दोघांचं आहे, आजी. पुरावा म्हणून उघडलेलं. त्याला सगळं दिसतं." आम्ही पाठवतो म्हटलं, तर म्हणे बघू.

सकाळी ती दुकानापुढे गाडी लावून गाडीतूनच बोलत होती. घरून बोलता येत नाही.

मी म्हटलं, "खड्ड्यात गेलं ते कार्ड. निघ. तुझी खोली तशीच आहे."

"तू राहिलीसच ना, आजी?"

"मला जायला जागा नव्हती."

"राहिलीस कशी, ते सांग मला."

आणि आई, मी सांगितलं. भांडण वाढायला लागलं की स्वयंपाकघरातून बाहेर यायचं, तिथे सुरी असते. भिंतीला पाठ लावून उभं राहायचं नाही, दारापाशी राहायचं. उलट उत्तर दुसऱ्या दिवशी द्यायचं, तो अंघोळ करून शुद्धीवर आल्यावर. ती मध्येमध्ये "हं" म्हणत होती, भाजीची कृती लिहून घ्यावी तशी. एवढी शिकलेली मुलगी, आणि चौथी पास बाईकडून हे शिकतेय. फोन मी वाळत घातलेल्या कपड्यांमागे उभी राहून घेतला होता, सुनेला ऐकू जाऊ नये म्हणून.

हे कुठे टाकणार? मुलगा यायच्या आत फाडून चुलीत घातलं असतं, पण आता चूल नाही, गॅस आहे. तुला माफ केलं म्हणून लिहिलंय असं समजू नकोस. फोन ठेवताना ती म्हणाली, "राहते मी, आजी." मी "बरं" म्हटलं, आणि क्षणभर मला हायसं वाटलं.