न फिरणारा बॉल

११ मे, रविवार

बाबांनी आज पेढे वाटले! मी अजून हो म्हटलेलंच नाही.

बिल्डिंगच्या तिन्ही मजल्यांवर, खाली इस्त्रीवाल्याकडे, समोरच्या मेडिकलमध्ये — सगळीकडे पोचले. 'आमची मृण्मयी अमेरिकेला चालली. फुल स्कॉलरशिप!' हैदराबादेतल्या आमच्या अर्ध्या चिक्कडपल्लीला कळलं. कसली स्कॉलरशिप, हे कुणी विचारलं नाही आणि बाबांनीही सांगितलं नाही. कारण त्यांना ते सांगता येत नाही. गेल्या वर्षी एकनाथकाकांना त्यांनी 'बास्केटबॉल' सांगितलं होतं. एका पेपरानं 'व्हॉलीबॉल' छापलं, वर नाव मृणालिनी.

बेसबॉल, बाबा. सहा वर्षं झाली. मी पिचर आहे. बॉल टाकते.

१३ मे

सारंगदादा पाठीमागून वाकून बघत होता. 'काय लिहायलीस?' म्हटलं, वाच की. दादाचं मराठी बोलणं झकास, पण वाचायला बसला की एकेक अक्षर जोडत जातो, शाळेत कधी शिकलाच नाही. 'मृ' पाशीच दमला. आईनं मला घरी बसवून शिकवलं, तेव्हा हा क्रिकेट खेळायला पळायचा.

बाबांना वाचता येतं. पण बाबा माझं मार्कशीट सोडून काही वाचत नाहीत. म्हणजे वही सुरक्षित.

१६ मे

एकदा नीट लिहून काढते, म्हणजे मलाच कळेल.

एक — अमेरिका. ओहायोतलं एक कॉलेज. चार वर्षं शिक्षण, राहणं, खाणं सगळं त्यांचं. पण तिथं कॉलेजात मुलींना बेसबॉल नाही, सॉफ्टबॉल आहे. मोठा बॉल, आणि हात खालून फिरवून टाकायचा. मी सहा वर्षं वरून टाकते आहे! तिथल्या कोचबाई व्हिडिओ कॉलवर गोड हसून म्हणाल्या, 'काळजी नको, सहा महिन्यांत आम्ही तुला बदलून घेऊ.' बदलून! मी काय चुकीच्या साइजचा ड्रेस आहे?

दोन — जपान. बायकांची लीग आहे, खेळण्याचा पगार देतात. खरा बेसबॉल. गेल्या वर्षी बँकॉकच्या स्पर्धेत मी त्यांच्या नऊ मुलींना बाद केलं, ते तिथल्या एका क्लबच्या ओकादा नावाच्या बाईंनी बघितलं. सहा महिने काही नाही, आणि आता एकदम दोन वर्षांचा करार. १ सप्टेंबरपासून. ओकादाबाई कॉलवर एकच वाक्य बोलल्या, दुभाष्यानं सांगितलं — 'तुझा बॉल फिरत नाही. छान.'

दुसऱ्या पर्यायाबद्दल घरात फक्त आईला माहीत आहे. ती म्हणाली, 'हं.' आईचं 'हं' म्हणजे काय, हे अजून कुणाला उलगडलेलं नाही.

१८ मे, रविवार

एकनाथकाका अंबरपेठहून जेवायला आले. काका म्हणजे आमच्या खानदानाचे अमेरिका मंत्री. आपल्यातली किती पोरं तिकडं गेली, हे बोटांवर मोजतात. माझ्यासाठी करंगळी राखून ठेवली आहे.

'बॉलची स्पीड किती गं तुझी?'

'नव्वद. ताशी.'

'बस्स? आमच्या गल्लीतला पोट्टा एकशेवीस टाकतो.'

काका, माझा बॉल वेगाचा नाहीच. तो नखांनी धरायचा असतो. दोन बोटांची नखं शिवणीत रुतवायची आणि सोडताना ढकलायचा. तो फिरता कामा नये. फिरला नाही की हवेत लडखडतो. डावीकडे जाईल, खाली बसेल, कुठं जाईल ते बॅटवालीला कळत नाही आणि मलाही नाही. याला नकलबॉल म्हणतात. जगात फार थोडे लोक टाकतात.

हे सगळं मी मनात म्हटलं. तोंडात खीर होती.

काकांनी आईलाही सोडलं नाही. 'वहिनी, पोरगी गेल्यावर पार्लर कशाला चालवता? आराम करा.' त्यावर बाबा — 'नखं रंगवायचं दुकान ते, चाललं काय आन् नाही चाललं काय!' दोघं हसले. आईनं काकांना आणखी खीर वाढली.

त्याच दुकानात माझी नखं तयार होतात. आई दर दोन दिवसांनी कानस लावून ती सरळ रेषेत घासते. फार वाढलं तर मोडतं, कमी असलं तर पकड नाही. सुरुवातीला तिला वाटलं, लेकीला नटायची आवड लागली. केवढी खूश! खरं कारण कळल्यावर तिनं माझा हात ओढून उजेडात धरला. मग म्हणाली, 'कुठल्या बोटाचं जास्त घासतं ते सांग.'

२४ मे

यूसुफ सरांना विचारलं. अंबरपेठच्या मैदानावर मला पहिला बॉल यांनीच दिला. म्हटलं, सर, काय करू?

'मेरेकू नक्को पूछो बेटा. जापान बोला तो तुमारे बाबा मेरेकू इसी ग्राउंड में गाड़ देंगे. अमेरिका बोला तो तुम गाड़ देंगे.'

मग दहा पावलं जाऊन परत आले. 'वैसे... हात नीचे से घुमाते सो देखने मैं नहीं आऊँगा. बस, इत्ताच.'

सर ओहायोला तसेही येणार नव्हते. पण मला रडू आलं. उगीच.

१ जून, रविवार

लिहायची इच्छा नाही. तरी लिहिते.

मुलांच्या टीमशी सामना होता. बाबा पहिल्यांदा बघायला आले. सहा वर्षांत पहिल्यांदा! आईनं आणलं असणार. पांढरा शर्ट, खिशाला पेन, जणू ऑफिसच्या तपासणीला आलेत.

आणि माझा बॉल फिरला. दमट हवा, घाम, काय झालं कुणास ठाऊक. नकलबॉल फिरला की तो निव्वळ एक हळू बॉल असतो. वाढलेल्या ताटासारखा. पोरांनी मनसोक्त जेवून घेतलं. एक बॉल कंपाउंडबाहेर गेला तो भाजीवाल्याच्या गाड्यावर पडला. सात रन दिल्या. सरांनी मला काढलं नाही, तेही वाईट.

शेवटचा बॉल मात्र बसला. हाताला आधीच कळतं ते. सुटताना बोटांना काहीच लागत नाही, जणू बॉल आपणहून निघून गेला. समोरचा पोरगा सहा फूट, चांगला दांडगा. बॅट फिरवली आणि स्वतःभोवती गिरकी घेऊन बसला खाली! बॉल त्याच्या गुडघ्यापाशी. पोरं त्यालाच हसली. सामना हरलो होतोच.

परतताना स्कूटरवर बाबा सिग्नलला म्हणाले, 'हेच का ते?'

एवढंच. हेल्मेटच्या आतून.

२ जून

हेच ते.

रात्रभर उत्तर शोधत होते. उत्तर हेच आहे — हो बाबा, हेच ते. तीस बॉल वाया जातात आणि एक असा सुटतो. त्या एकासाठी मी सकाळी साडेपाचला उठते. अमेरिकेत मला बदलून घेतील, मी चांगली खेळेनसुद्धा, डिग्री मिळेल, काकांची करंगळी मिटेल. पण तो एक बॉल पुन्हा हातातून सुटणार नाही.

अमेरिका नको. ठरलं.

आता सांगायचं कसं? हैदराबादेत लोक व्हिसासाठी देवाला प्रदक्षिणा घालतात. आणि मी आलेली अमेरिका परत पाठवणार!

८ जून, रविवार

सांगितलं. एकनाथकाकांसमोरच सांगितलं. वाटलं, पाहुणा असला की बाबा कमी ओरडतात. चुकलं. पाहुणा असला की जास्त ओरडतात.

'जपान? तिथं काय आहे?'

'बेसबॉल.'

'आन् शिक्षण?'

'नंतर करेन. बाहेरून परीक्षा देता येते.'

काका घाईनं म्हणाले, 'अगं, खांदा निखळला तर? दोन वर्षांनी घरी पाठवलं तर? तिकडं तर म्हणे कच्चा मासा खातात!'

'काका, खांद्याची भीती मलाही वाटते. माशाची नाही.'

बाबा उभे राहिले. 'मी पेढे वाटलेत!'

खरं सांगते, हसू दाबताना गाल चावला मी. एवढं मोठं कारण, आणि शेवटी पेढे! पण त्यांचा चेहरा बघितला आणि हसू विरलं. वीज मंडळात तीस वर्षं टेबलामागे बसलेला माणूस. त्याच्याकडे कुणी कधी पेढे मागितले नसतील.

दादा मोबाइलमध्ये तोंड घालून होता. जाताना माझ्या डोक्यावर टपली मारून हळूच म्हणाला, 'डेअरिंग आहे तुझी. मला नाही जमलं असतं.' दादाला काय जमवायचं होतं, हे मी कधी विचारलंच नाही.

१२ जून

ओहायोला नकार पाठवला. मेल चार ओळींचा, लिहायला तीन तास. कोचबाईंचं उत्तर पाच मिनिटांत — शुभेच्छा, आणि एक हसरा चेहरा. म्हणजे मी गेल्यानं तिकडं आभाळ कोसळलेलं नाही. जरा कोसळलं असतं तर बरं वाटलं असतं!

बाबा बोलत नाहीत. मीठ हवं असलं तरी दादाला सांगतात — 'तिला म्हणावं, मीठ दे.' तो माझ्या शेजारीच बसलेला असतो. तोही गंभीरपणे सांगतो, 'मृणू, मीठ दे.'

२१ जून

नवी अडचण. मला डिसेंबरात अठरा पूर्ण होतात. करारावर आई किंवा वडिलांची सही हवी. शिवाय पहिले तीन महिने घरातलं एक मोठं माणूस सोबत राहायला हवं. त्याची सोय क्लब करतो.

बाबा मिठाशिवाय पहिल्यांदा बोलले. 'सही मी करणार नाही. आन् या घरातून कोणी जाणार नाही.' दादाला एवढी रजा नाही. यूसुफ सर घरातले नाहीत. म्हणजे संपलंच.

ओकादाबाईंनी ३० तारखेपर्यंत मुदत दिली आहे.

२७ जून

आईनं सही केली!

पार्लरमध्ये, दोन गिऱ्हाइकांच्या मधे. एक बाई केसांना मेंदी लावून बसलेली, तारामती दुसरीच्या भुवया करतेय. तारामती आईची मदतनीस, दहा वर्षांपासूनची. आईनं हात पुसले, कागद गुडघ्यावर घेतला आणि 'शैला श्रीकांत' असं शाळेतल्यासारखं गोल अक्षरात लिहिलं. हाताला नेलपॉलिश पुसायच्या औषधाचा वास.

'आई, बाबा?'

'बाबांचं मी बघते.'

'आणि सोबत कोण येणार?'

'तेही बघते. हात दाखव. मधल्या बोटाचं नख परत वाढलंय.'

मी मिठी मारायला गेले तर म्हणाली, 'सरक, गिऱ्हाईक बघतंय.'

२० जुलै, रविवार

बाबांना सही कळून तीन आठवडे झाले. ओरडले नाहीत. आईशीही बोलणं बंद केलं. आता दादाला दोन्हीकडचं मीठ सांभाळावं लागतं.

काकांनी जाहीर केलं, 'शेवटी बाईच्या हातात निर्णय दिला की असं होतं.' यावर आई — 'भावजी, खीर संपली.' आणि भांडं आत घेऊन गेली. खीर होती. मी नंतर खाल्ली.

२ ऑगस्ट

क्लबकडून व्हिसाचे कागद आले. एकच पाकीट, जाडजूड. आईनं माझ्या हातातून घेतलं. 'मी भरते. तू सरावाला जा.'

सोबत कोण, हे अजून सांगत नाही. दादाला विचारलं, तो म्हणाला, 'मला काय माहीत?' आणि घाईनं चहा करायला गेला. दादा चहा करत नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

पासपोर्ट घ्यायला आईचं कपाट उघडलं. माझा होता. त्याच्याखाली दुसरा. शैला श्रीकांत. आत जपानचा व्हिसा.

वाटलं, माझ्यासाठी गुपचूप काढला. मग पासपोर्टवरची तारीख बघितली. तीन वर्षांपूर्वीचा. चौकशीला पोलीस घरी येतात, म्हणजे बाबा ऑफिसात असताना आले असणार. तेव्हा जपान नव्हतं, ओहायो नव्हतं, माझा बॉल तर मैदानाबाहेर कुणाला माहीत नव्हता.

आई मागे उभी होती. म्हणाली, 'पार्लर तारामतीला दिलंय. वर्षभरासाठी.'

'आई, सोबत तीनच महिने राहायचं असतं.'

'माहीत आहे,' ती म्हणाली, आणि कपाट लावून घेतलं.