पान नऊ

कोल्हापूर,
ता. ३ जून २०२४

ती. जैबूफुफूंना तरन्नुमचा सलाम.

वि. वि. इकडे सगळे खुशाल. अब्बांचा गुडघा दुखतो, तरी मस्जिदीपर्यंत चालत जातात आणि वाटेत भेटेल त्याला गुडघ्याची हकीकत सांगतात, त्यामुळे दहा मिनिटांच्या वाटेला पाऊण तास लागतो. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही हे एका अर्थी बरंच झालं. आज जे लिहिते आहे ते मोठ्यानं ओरडून सांगितलं असतं तर हॉस्पिटलात सगळ्यांना कळलं असतं.

आमच्या करवीर खिदमत ट्रस्टचे अध्यक्ष हाजी बाबालालसाहेब यांनी हॉस्पिटलच्या आम्हा सगळ्या नर्सना ‘इस्लामी मूल्यांवर आधारित आपत्कालीन शुश्रूषा’ असं तीन दिवसांचं प्रशिक्षण द्यायचं ठरवलं आहे. विचार चांगलाच आहे. पंचगंगा अधूनमधून गावात येऊन जाते, तेव्हा तयारी हवीच. पण कमिटीच्या चार बैठका झाल्या त्यात बॅनरचा रंग, पाहुण्यांचे फेटे आणि जेवणात तांबडा रस्सा की पांढरा, एवढंच झालं. शेवटी दोन्ही ठरले. शिकवायचं काय हे मात्र राहून गेलं.

परवा हाजीसाहेबांनी मला बोलावून घेतलं. माझं मराठी बरं आहे असं त्यांना कुणीतरी सांगितलंय. आठ-दहा दिवसांत एक पुस्तिका तयार करायची म्हणाले. दीनाचा, म्हणजे धर्माचा भाग मौलाना इद्रिस देणार, शुश्रूषेचा मी लिहायचा. हे नीट पार पडलं तर माझ्या कायम नेमणुकीच्या ऑर्डरवर सही करतो, असंही म्हणाले. फुफू, चार वर्षं मी अकरा-अकरा महिन्यांच्या कागदावर काम करते आहे. दर वेळी बाराव्या महिन्यात नव्या कागदासाठी ऑफिसचे खेटे घालते. तेव्हा चौतीस वर्षांची तुमची नर्सची नोकरी माझ्या कामी येऊ दे. पुरात, दरड कोसळल्यावर तुम्ही काय केलंत ते सुचेल तसं लिहून पाठवा.

मलकापूरच्या पावसात छत्रीशिवाय फिरू नका. दुवेत आठवण असावी.

तुमची,
तरन्नुम

*

मलकापूर,
ता. ८ जून २०२४

चि. तरन्नुमला जैबूफुफूचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. माझ्या भावाला, तुझ्या अब्बाला सांग, गुडघा लोकांना सांगून बरा होत नाही, तेल लावून होतो. लहानपणीही खरचटलं की गल्लीभर दाखवून यायचा.

पुस्तिकेचं वाचून आधी हसले आणि मग वही काढून बसले. तुम्हा पोरींना पुस्तक लागतं, आम्हाला सरळ पाण्यात उतरवलं होतं. तरी लिहिते. आधी नियत. मी कुणाला दाखवायला आले की कामाला, हे दारातच स्वतःला विचारायचं. मग ज्याला जास्त गरज त्याला आधी बघायचं. त्याचं नाव, गाव, जात, देव नंतर रजिस्टरात लिहायला विचारावं, तेही हातातलं काम संपल्यावर. पुरात सगळीकडे पाणी असतं आणि वापरायला एक तांब्या नसतो. तेव्हा स्वच्छ पाणी आधी जखमेला आणि प्यायला. नमाजाआधीच्या वजूला पाण्याऐवजी कोरड्या मातीनं तयम्मुम करायची सवलत आपल्याला दिलेलीच आहे, ती घ्यायला लाजू नये. मयत हाताळताना जिवंत माणसाशी बोलावं तसं हळू बोलावं. चादर डोक्यापासून पायापर्यंत पुरते का ते आधी बघावं.

आता जे लिहिते ते वेगळ्या पानावर घे. एका पावसाळ्यात इकडच्या एका वाडीवर दरड आली होती. एक बाई चिखलातून काढून आणली, अंगावर धड कपडा नाही. मी पट्टी बांधत होते. एवढ्यात मोठे लोक मदत वाटायला आले आणि तिच्या हातात भांडी देऊन फोटो काढला. मी नवी होते, बाजूला सरक म्हणाले, सरकले. फोटो छापून आला. ती बाई पुन्हा दवाखान्याची पायरी चढली नाही. जखम चिघळली आणि घरातच गेली. ती गेल्याचं मला महिन्यानं कळलं. त्या सरकण्याची लाज मला अजून वाटते. म्हणून लिही, की रुग्ण म्हणजे आपल्याकडे सोपवलेली अमानत आहे. तिनं हो म्हटल्याशिवाय तिचं अंग, तिचा चेहरा, तिचं दुःख कुणाला दाखवू नये. देणारा कितीही मोठा असला तरी त्याला बाहेर थांबवावं.

बाकी सगळं मौलानांना दाखवून घे. ईदला येताना खाजा आण, मागच्या वेळचा मऊ पडला होता. लोभ आहेच, तो खाज्यावर अवलंबून नाही.

तुझी,
फुफू

*

कोल्हापूर,
ता. ३० जून २०२४

ती. फुफूंना सलाम.

वि. वि. ईदला तुमच्याकडे येता आलं नाही, कारण मी छापखान्यात होते. खाजा एसटीच्या कंडक्टरकडे दिला होता, पोचला का ते कळवा. कंडक्टरचा चेहरा मला विश्वासू वाटला नाही.

प्रशिक्षण पार पडलं. पहिला दिवस सत्कारात गेला. रुफैदाबीबींनी मदिन्यात तंबू ठोकून जखमींची सेवा केली, ही हकीकत पाच वक्त्यांनी पाच वेळा सांगितली. पाचही जण पुरुष, आणि पाचांपैकी एकानंही कधी सलाईन लावलेलं नाही. तिसऱ्याच्या वेळी तंबू मोठा झाला, पाचव्याच्या वेळी त्याला झालर लागली. आम्ही अठ्ठावीस नर्स मागच्या खुर्च्यांवर होतो. पुढच्या चार ओळी मान्यवरांना होत्या. मान्यवर आलेच नाहीत, तरी आम्हाला पुढं सरकू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी मौलाना इद्रिस बोलले तेवढं मात्र मनापासून ऐकावंसं वाटलं. स्वतःला शुश्रूषेतलं काही कळत नाही, तुम्हीच मला सांगा, असं म्हणून त्यांनी सुरुवात केली.

तिसऱ्या दिवशी लेखी परीक्षा झाली, त्यात पन्नासपैकी एकोणपन्नास मार्क घेऊन पहिली कोण आली? आमची त्रिशला चौगुले. जैनांची पोरगी, सूर्य मावळल्यावर पाणीसुद्धा पीत नाही, पण तयम्मुमचा प्रश्न तिच्याइतका नीट कुणी लिहिला नाही. कमिटीला घाम फुटला. हाजीसाहेबांनी पेपर पुन्हा तपासायला लावले. मौलानांनी तपासले आणि एक मार्क चुकून कापला होता म्हणून तोही देऊन टाकला.

आता मुख्य गोष्ट. पुस्तिका सोबत पाठवते आहे. मुखपृष्ठ बघा. ‘लेखक : हाजी बाबालाल शिकलगार.’ आत पानापानावर त्यांची सही छापली आहे. तुमचं नाव नाही, मौलानांचं नाही, माझं ‘अक्षरजुळणी साहाय्य’ म्हणून शेवटच्या पानावर, तेही तरुणा असं. तुमची दरडीची गोष्ट नाव-गाव काढून पान नऊवर घेतली आहे. हाजीसाहेबांनी पुस्तिका वाचली असेल असं मला वाटत नाही. स्वतःचा फोटो कुठल्या पानावर आहे ते मात्र त्यांनी दोनदा बघितलं. ऑर्डरचं विचारलं, तर पावसाळा होऊ दे म्हणाले. मला खूप राग आला आहे.

तब्येतीला जपा, आणि रागावू नका, तो मी तुमच्या वाटणीचाही केला आहे.

तरन्नुम

*

मलकापूर,
ता. ६ जुलै २०२४

चि. तरन्नुमला आशीर्वाद.

खाजा पोचला. कंडक्टर प्रामाणिक निघाला, तू चेहऱ्यावर जाऊ नकोस.

पुस्तिका चष्मा लावून दोनदा वाचली. हाजीनं चांगलं लिहिलंय. चौतीस वर्षं नोकरी केल्यासारखं वाटतं. खरं सांगायचं तर पहिल्यांदा मलाही टोचलं. मग म्हटलं, जाऊ दे, छापून तर आलं. तूही गिळून टाक आणि ऑर्डरकडे लक्ष ठेव. त्रिशलाला माझ्याकडून शाबासकी दे. इकडं आठ दिवस उघडीप नाही, तुमच्याकडे पाणी येईल. रबरी बूट काढून ठेव.

लोभ वाढता ठेव, पाणी वाढलं तर गच्चीवर जा.

फुफू

*

कोल्हापूर,
ता. १ ऑगस्ट २०२४

ती. फुफूंना सलाम.

वि. वि. केर्लीजवळ पाणी आल्यानं तुमच्याकडची वाट बंद होती, म्हणून हे पत्र उशिरा. आम्ही सगळे सुखरूप आहोत. आठवडाभर गावात कुणी कुणाची तब्येत विचारली नाही. सगळे राजाराम बंधाऱ्यावरच्या पाण्याचे फूट आणि इंच विचारत होते. अब्बांना गुडघ्याचाही विसर पडला.

आमच्या ट्रस्टच्या शादीखान्यात निवारा केंद्र उघडलं. मी आणि त्रिशला तिथं होतो. दुसऱ्या दिवशी आंबेवाडीहून होडीतून काही माणसं आणली, त्यात बायडाबाई म्हणून सत्तरीची एक म्हातारी होती. म्हशीचं दावं सोडायला मागं राहिली आणि पाण्यात सापडली. लुगडं वाहून गेलेलं, अंगाला पोतं गुंडाळलेलं, दंडाला पत्रा कापलेला. आम्ही तिला कोपऱ्यात नेऊन जखम धूत होतो, तेवढ्यात हाजीसाहेब फोटोग्राफर घेऊन आले. त्यांना म्हातारीला साडी देतानाचा फोटो हवा होता, आणि तोही ती पोत्यात असतानाच, म्हणजे पूरग्रस्त वाटेल. मी बायडाबाईंना विचारलं. त्यांनी सांगितलं की साडी द्या, पण असल्या अवतारात फोटो नगं, जावई पेपर वाचत्यात.

हाजीसाहेब मला बाजूला सरक म्हणाले.

फुफू, मला पान नऊ आठवलं. तुम्ही आठवलात. मी सरकले नाही. त्रिशलाला खूण केली. आम्ही दोघींनी बेडवरची चादर उचलली आणि दोन टोकं धरून म्हातारीपुढं आडवी उभी केली. साहेबांना सांगितलं की साडी वरून द्या, आम्ही नेसवतो. फोटोग्राफरला घाई होती, त्यानं दिसलं तेच टिपलं. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. हाजीसाहेब हसतमुखानं एका चादरीला साडी देत आहेत, चादरीवर ट्रस्टचा शिक्का ठळक, खाली आमचे चार पाय. वर ओळ, ‘पूरग्रस्त महिलेस साडी प्रदान.’ सगळ्या कोल्हापूरच्या मोबाईलवर तो फिरला. हा कुठल्या पिराचा दर्गा, असं लोक हाजीसाहेबांना फोन करून विचारतात.

मला नोटीस आली आहे. ट्रस्टची बदनामी आणि अध्यक्षांचा हुकूम मोडणं. नऊ तारखेला कमिटीपुढं हजर राहायचं आहे. कायम नेमणूक राहिली बाजूला, आहे ती नोकरीही जाईल असं दिसतं. त्रिशलाला नोटीस नाही, कारण ती पहिली आल्याचं मोठं बॅनर अजून दारात आहे. मी ठरवलंय, भर सभेत सांगून टाकणार की पुस्तक माझ्या फुफूनं लिहिलंय आणि तुम्ही त्याचे चोर आहात. तुमची परवानगी असेल असं धरते.

घाबरले आहे. दुवा करा.

तरन्नुम

*

मलकापूर,
ता. ५ ऑगस्ट २०२४

चि. तरन्नुमला अनेक आशीर्वाद आणि एक मुका.

परवानगी नाही.

पत्र वाचून मी बराच वेळ ओसरीवर रडत बसले होते. शेजारीण विचारायला आली की कोण वारलं. मी सांगितलं, कुणी नाही, जे माझ्याकडून झालं नाही ते माझ्या पोरीनं केलं. तिला काही कळलं नाही, चहा ठेवून गेली.

आता नीट ऐक. चोर-बीर काही म्हणायचं नाही. पुस्तक माझं आहे असं तू सांगितलंस तर ते एका बहिऱ्या पेन्शनर नर्सची वही होईल आणि कमिटी ती बाजूला सारेल. ते हाजीचंच राहू दे. त्याचं आहे तोवर त्याला ते पाळावं लागेल. नवा ड्रेस घाल, पुस्तिका घेऊन जा आणि शिष्यासारखी नम्रपणे विचार की साहेब, पान नऊ मला चुकीचं समजलं का, तुम्हीच लिहिलंय तर तुम्हीच समजावून सांगा. एवढं विचारून गप्प बस. तुला गप्प बसणं जड जाईल, तेव्हा तोंडात वेलदोडा धर.

नोकरी गेलीच तर इकडं ये. माझं रेशन दोघींना पुरतं.

नेहमीचीच माया, या खेपेला थोडी जास्त.

फुफू

*

कोल्हापूर,
ता. १४ ऑगस्ट २०२४

ती. फुफूंना सलाम.

वि. वि. तुम्ही सांगितलं तसंच केलं. वेलदोडे तीन लागले.

कमिटीचे सात जण आणि मध्ये हाजीसाहेब. नोटीस वाचून झाली. मी पुस्तिका उघडून तुमचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. साहेबांनी पान नऊ स्वतः उघडलं, पहिल्यांदाच उघडत असावेत, आणि वाचता वाचता त्यांचे कान लाल झाले. मग चष्मा नाही म्हणून त्यांनी पुस्तिका मौलानांकडे दिली. चष्मा नाकावरच होता. मौलानांनी सावकाश, प्रत्येक शब्द सुटा करून वाचलं. देणारा कितीही मोठा असला तरी त्याला बाहेर थांबवावं, इथं ते थोडं थांबले. मग खालची सही वाचली आणि म्हणाले की लेखक समोरच बसले आहेत, तेव्हा अर्थ त्यांनाच विचारावा.

एका मेंबरनं रिकामा कप तोंडाला लावला. मग हाजीसाहेबांनी घसा साफ केला आणि सांगितलं की त्या दिवशी आपण शादीखान्यात गेलो ते मुद्दाम, प्रशिक्षण कितपत मुरलंय याचं प्रात्यक्षिक घ्यायला. फोटोग्राफर, साडी, सरक म्हणणं, सगळा परीक्षेचा भाग. इतकंच काय, नोटीसही परीक्षेचाच भाग. उमेदवार पास झाल्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. इतिवृत्तात तसं लिहिलं गेलं. मौलाना हाताचा पंजा तोंडावर धरून बसले होते, त्यांना हसू आवरत नव्हतं की काय कोण जाणे.

यापुढं ट्रस्टच्या कुठल्याही मदतीत रुग्णाचा फोटो काढायचा नाही, असा ठरावही साहेबांच्या नावानं मंजूर झाला. ठराव हातात धरून कमिटीचा फोटो काढण्यात आला. पुढच्या महिन्यात साहेब सांगलीला ‘रुग्ण म्हणजे अमानत’ यावर बोलायला जाणार आहेत. भाषण मी लिहून द्यायचं आहे, म्हणजे तुम्ही.

आणि ऑर्डर मिळाली, फुफू. कायम. या कागदावर अकरा महिने कुठंच लिहिलेलं नाही, मी उलटून-पालटून बघितलं. अब्बा मस्जिदीत जाताना भेटेल त्याला आता ऑर्डरचं सांगतात, त्यामुळे सव्वा तास लागतो.

काल बायडाबाई टाके काढायला आल्या होत्या. हाजीसाहेबांनीच दिलेली साडी नेसून, डोक्याला तेल लावून, एकट्या. दंड छान भरलाय. निघताना त्यांनी पिशवीतून पेपरातला तो फोटो काढला. प्लॅस्टिकमध्ये घालून आणलाय. घरी आल्यागेल्या पावण्यांना त्या तो दाखवतात. हाजीसाहेबांवर बोट ठेवत नाहीत, आमच्या पायांवर नाही, शिक्क्यावरही नाही. चादरीच्या बरोबर मधोमध ठेवतात आणि सांगतात की हितं मागं मी हाय.

तुम्हाला दाखवण्यासाठी मी तो मागितला, पण त्यांनी दिला नाही. तेव्हा तुम्हीच या, आपण दोघी आंबेवाडीला जाऊन बघून येऊ. येईपर्यंत माया अशीच राहू द्या.

तुमची,
तरन्नुम