सयाजीच्या बापाचं दार

चि. ज्योतिबास, म्हसवडहून आजी बयाबाईचा आशीर्वाद.

लिहितेय तुझी अंजना. तिचं अक्षर गोड हाय म्हणं, जीभ तेवढी न्हाई.

लढाई संपल्यावरही तू ब्रह्मदेशात राहून तिथली अनाथ पोरं बिनपगारी सांभाळलीस, चांगलं केलंस. पण त्यांच्यासाठी घोंगडी मागायला गावी येऊन देवळापुढं भाषण ठोकलंस! आपल्यात असं मागत्यात व्हय? आधी थोरल्या घरी जाऊन बसायचं, म्हणजे नानासोच्या. त्याचा ल्योक सयाजी तुझ्याच पलटणीत, लढाईत तुझ्याशेजारी पडला. भाषण ऐकून नानासो उठून गेला, मागोमाग गाव उठलं, अन् तू रागानं सांगली गाठलीस.

काल मीच त्याच्याकडं गेले. म्हणाला, "बयाक्का, ज्या मुलखानं माझं पोर खाल्लं, तिथं घोंगडी धाडू?"

"त्या लेकरांनी न्हाई खाल्लं रं," मी म्हटलं.

तो उठून देव्हाऱ्याशी गेला. मग देवाचा भंडारा उचलून शब्द दिला, "घरटी एक घोंगडं मिळवून देतो. पण सयाजी कसा गेला, ते ज्योतिबानं माझ्यासमोर बसून सांगायचं. न्हाईतर एक धागा मिळायचा न्हाई."

इथं अंजना थांबली. "आवं आजी, असलं पत्र वाचून हे यायचे न्हाईत."

ठाऊक हाय मला. आल्यापासून तू त्याच्या दारावरनं एकदाही गेला न्हाईस. म्हणून हे पत्र धाडत न्हाई. म्हातारी अंथरुणाला खिळली, एवढाच निरोप येईल. धावत ये, जवळच्या वाटेनं. मी वाटेतच भेटेन, धडधाकट, नानासोच्या दारात.

तुझी खोटारडी आजी,
बयाबाई