दरसाल परतणारी माणसं

चि. धैर्यशील,

तुझ्या अमेरिकेतल्या कॉलेजची एक फुटबॉल मॅच मला तीस तासांच्या प्रवासाला आणि आठवडाभर सुजलेल्या पायांना पडली. पण त्या मॅचला दरवर्षी जुने विद्यार्थी परततात, ही रीत लय आवडली. तूही ती चुकवत नाहीस. बँड वाजताच शेजारचे म्हातारे उभे राहून रडले. म्हणाले, साठ वर्षांत ही मॅच एकदाही चुकवली नाही.

मी म्हणालो, "सांग रं त्यांना, आमच्या कुंडलच्या कुस्त्यांनाबी माझा पोरगा दरसाल येतो."

तू सांगितलंस, पण त्यात 'एव्हरी इयर' नव्हतं. तेवढं इंग्रजी माझ्या कानांना कळतं.

हे पत्र पेटीत टाकायचा धीर होत नाही. तू गावाकडं शेवटचा आलास, त्याला नऊ वर्षं झाली.

कुंडलहून,
तुझे आबा