कितवा दिवस?

२ फेब्रुवारी
दिल्लीला पोचले! लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये सकाळचं ऊन थेट ओट्यावर येतं. लग्न डिसेंबरात झालं, संसार आज सुरू झाला. जोडून सुट्टी मिळाली नाही म्हणून सुधन्वा पहिल्या संक्रांतीलाही नाशिकला आला नव्हता. त्या दिवशी तो इथल्या मराठी मंडळाच्या बसने पानिपतच्या स्मारकाला, काला अंबला गेला आणि हलव्याचे दागिने मी एकटीनेच घातले. सासूबाई म्हणाल्या, वृंदा, आता त्याला तो हलवा काट्यांसकट खायला घाल.

४ फेब्रुवारी
गुरुग्रामला नोकरीवर रुजू. लैंगिक आजारांची हेल्पलाइन. घरी मात्र ‘शुगरची’ सांगितलंय. सुधन्वा म्हणाला, बिल्कुल, गोड बोलायचाच पगार! आमच्या सुपरवायझर कल्पनाताईंनी नियम सांगितला: नाव विचारायचं नाही, फक्त संबंधानंतरचा कितवा दिवस ते विचारायचं. समोर कार्ड असतं. जळजळ बहुधा आठवड्याभरात, न दुखणारा फोड साधारण तीन आठवड्यांनी, कधी तीन महिन्यांनीही. पुष्कळांना काहीच जाणवत नाही, म्हणून तपासणी.

५ फेब्रुवारी
एक बाई हिंदीत बोलता बोलता ‘अगं बाई’ म्हणाल्या, मग आम्ही मराठीत आलो. बाविसावा दिवस. चौदा जानेवारी, काला अंबची सहल, बसमध्ये ओळख झालेला एक जण. फोडाबद्दल तो म्हणतो, सरोजिनी मार्केटचा साबण लागला असेल. तपासणी करा म्हटलं. त्या म्हणाल्या, आधी त्यालाच त्या साबणाने धुते.

९ फेब्रुवारी
सहलीला कोण कोण होतं, सुधन्वाला सहज विचारलं. अच्छा, आता चौकशी आयोग का, म्हणून हसला. बसमध्ये पन्नास माणसं होती. उगाच काहीतरी माझ्या डोक्यात.

२० फेब्रुवारी
पाळी चुकली. दोन रेघा! त्याने पेढे आणले. पेढा खाताना मी मनात दिवस मोजत होते.

२३ फेब्रुवारी
फोड. एकच. दुखत नाही. मी आल्याला एकवीस दिवस.
सुधन्वाला सांगितलं. वर न बघताच म्हणाला — सरोजिनी मार्केटचा साबण लागला असेल.

२४ फेब्रुवारी
सकाळी त्याने स्वतः दूध दिलं. मी आल्यापासून कधी गॅस पेटवला नव्हता. कडवट लागलं. हळद जास्त झाली म्हणाला.
ऑफिसातून जाऊन रक्त देऊन आले. कल्पनाताई म्हणाल्या, वेळेत इंजेक्शन घेतलं की बाळ वाचतं. रिपोर्ट उद्या.
पावती पर्सच्या तळाशी लपवली —

२५ फेब्रुवारी
अकरा वाजता फोन. हिंदीत, दबलेला आवाज. पण ते खाकरणं —
विचारलं, कितवा दिवस. बेचाळिसावा म्हणाला. चौदा जानेवारीपासून — मोजला. बरोबर.
मला ओळखलं नाही. हिंदीत कधी ऐकलंय त्याने मला?
म्यूट करून लिहितेय. म्हणतो, माझं सोडा. बायकोला दिवस गेलेत. दोन सकाळी दुधातून गोळ्या दिल्यात, आपल्याच अंदाजाने. तिला कितव्या दिवशी कळेल?
त्याने भरून दिलेला दुधाचा थर्मास समोर आहे. अर्धा रिकामा —
तो हॅलो, हॅलो करतोय.
म्यूट काढते. मराठीतच विचारते — सुधन्वा, कसल्या गो