गटातलं शेवटचं नाव

प्रिय संघदीप,

तुझा निरोप मिळाला. सौंदडच्या फोटोंची आपली वेबसाइट मला एकटीला सोपवायची आणि गटातून स्वतःचं नाव काढून मोकळं व्हायचं म्हणतोस. पुण्यातल्या नोकरीतून तुला सवड होत नाही, वर्षभरात साइटवर डोकावलाही नाहीस, हे मला कळतं. उत्तर मुद्दाम कागदावर देतेय. मोबाइलवर लिहिलेलं आणखी कुणी वाचेल असं वाटतं. मला वेड्यात काढायचं असेल तर पूर्ण वाचून काढ.

आठवतं, सुरुवातीला आपण तिघं किती भांडायचो? मी टाकलेला आडवा फोटो हिमांशूला सरळ करता येत नसे, त्याचा मला. सर्व्हर ज्याची फाइल त्याच्याच हाती ठेवायचा. मग तू 'गाव' नावाचा गट केलास, तिघांची नावं त्यात घातलीस, आणि फोल्डरात जे पडेल ते आपोआप गटाचं होईल अशी सोय केलीस. टाकणाऱ्याचं नाव तेवढं फाइलवर राहायचं. एकाच ढोलीत साठवलेलं सगळ्या भावांचं धान, असं म्हणून हिमांशू केवढा खूश झाला होता.

सडक अर्जुनीजवळच्या अपघातात तो गेला, तेव्हा त्याचं नाव काढायला आपण दोघंही धजलो नाही. दिवाळीनंतर त्याच नावाने नवे फोटो येऊ लागले. शेताच्या धुऱ्यावर रचलेले भारे, रिकामा फलाट, शाळेची घंटा. सगळे खालून घेतलेले, तो उकिडवा बसून घ्यायचा तसे. कुणीतरी चावटपणा करतंय म्हणून मी पासवर्ड बदलला. तरी थांबेना, तेव्हा त्याला गटातूनच काढलं आणि मग खूप रडले. थोडे दिवस शांततेत गेले. मग फोटो माझ्या नावाने यायला लागले. घाबरून मी माझंही नाव काढलं. आता ते तुझ्या नावाने येतात.

परवाच्या फोटोत रुख्माकाकू होत्या. तांदूळ पाखडताना सूप हवेतच थांबलेलं, नजर थेट समोर. मी त्यांच्या घरी जाऊन विचारलं, हा कुणी काढला? हिमांशूची आई त्या, सहज म्हणाल्या, "हिमांशू काढून राहिला होता, म्हणून हालली नाही मी. काऊन, काय झालं?" त्याचा कॅमेरा त्यांच्याच पेटीत आहे, भिंग फुटलेला. मी उघडून पाहिला.

तेव्हापासून दुपारचं जेवण झालं की काकू माझ्याकडे येतात, आज काय आलं म्हणतात. आजचा फोटो मी त्यांना दाखवला नाही. त्यात एक अनोळखी खोली आहे, खिडकीत वाळत घातलेला चौकड्याचा शर्ट आहे, आणि गादीवर तोंड उघडं टाकून झोपलेला तू आहेस. अगदी जवळून, खालून घेतलेला. गटात आता तुझं एकच नाव उरलंय, म्हणून हिमांशू तुझ्याकडे आलाय. मला भीती वाटते रे. पण ते नाव काढलंस तर उद्या काकूंना मी काय दाखवू? राहू दे ते. आणि झोपेत कुणी जवळ बसल्यासारखं वाटलं, तर त्याला हाकलू नकोस.

तुझीच,
अल्का