दर तिसरा घाव

११ जानेवारी

पोचले. होमोसासा नदी होती तशीच आहे. समुद्र गारठला की मॅनटी, म्हणजे समुद्रगाई, गोड्या झऱ्यांच्या उबेला नदीत वर येतात. सकाळी मामाच्या धक्क्याखाली तिघी होत्या. राखाडी, गुबगुबीत, बैठकीवरच्या लोडांसारख्या. एकीनं श्वास घ्यायला नाक वर काढलं — फुस्स! — आणि माझी कॉफी सांडली.

"तुझ्या कारखान्यात असलं काही असतं का गं, इंजिनीअरबाई?" ऑर्व्हिल मामा.

मी बोटींच्या इंजिनांचे पाण्यात फिरणारे पंखे तयार करते. ही थट्टा त्याला दरवर्षी नवी वाटते. त्याच्या बोटीच्या पंख्याचं एक पातं खडकाला लागून टोकाला तुटलंय. म्हटलं, नवा आणलाय. "राहू दे! पन्नास वर्षांत माझ्या पंख्यानं एकाही मॅनटीला ओरखडा काढलेला नाही." ओपल मामीनं डोळे फिरवले. हे वाक्य ती लग्नापासून ऐकतेय.

१२ जानेवारी

मोठ्या झऱ्यात उतरले. नियमाप्रमाणे हात छातीशी, पाय स्थिर, मॅनटींचा पाठलाग नाही. तळाची वाळू आधण आल्यासारखी उसळत होती. एक पिल्लू आईच्या काखेत तोंड खुपसून दूध पीत होतं. मग तीच आई वळली आणि मिशाळ तोंड माझ्या डोळ्यांवरच्या काचेला टेकवून मला बघत राहिली. इतक्या जवळून कुणी बघितलेलं मला आवडत नाही. तिचं आवडलं.

१३ जानेवारी

काहीही केलं नाही. धुरावलेला मासा खाल्ला, पेलिकन पाहिले. उत्तम दिवस.

१४ जानेवारी

मामा पहाटे एकटाच बोटीनं मासे धरायला गेला. रिकाम्या हातानं आला, न जेवता झोपला.

दुपारी मामीबरोबर झऱ्यावर. एका मोठ्या मादीच्या पाठीवर ताजे घाव.

"कुठल्या मुडद्यानं केलं गं हे? बोट पळवली असणार मेल्यानं!"

पळवली नव्हती. घाव दाट होते — बोट संथ होती. पंखा तीन पात्यांचा. आणि दर तिसरा घाव उथळ, कडेला फाटलेला. तो पंखा मी ओळखते.

"काय माहीत," मी म्हटलं.

मामाची बोटं हल्ली बधिर असतात. त्याला धक्का कळलाही नसेल. सांगितलं, तर त्याची पन्नास वर्षं मी काढून घेतली. नाही सांगितलं, तर उद्या आणखी एखादी.

१५ जानेवारी

"इंजिन कुरकुरतंय. आज वल्ही," मामा म्हणाला.

"मी बघते."

"सुट्टीवर आहेस ना? खबरदार हात लावलास तर!"

मला सुटल्यासारखं वाटलं. आजपुरता तरी पंखा बंद. खाजणातून गेलो. पाणमांजराची जोडी, गवतात निळा बगळा. मामाचं वल्हं पाण्यात जातं आणि आवाज होत नाही. असा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. चारदा तोंड उघडलं, चारदा बगळ्याबद्दलच बोलले.

१६ जानेवारी

बचावपथकानं जखमी मादीला जाळ्यात घेतलं, ओल्या गोधड्यांत गुंडाळून ट्रकनं नेलं. मामा धक्क्यावरून बघत होता. टोपी काढून.

उद्या न्याहारीला सांगायचं. ठरलं.

१७ जानेवारी

मी तोंड उघडायच्या आत दारात पथकातली बाई. मादी खायला लागली, हे सांगायला मुद्दाम आली होती. मामाला म्हणाली, "तुम्ही लगेच फोन केलात म्हणून वाचली हो. 'माझ्याच बोटीनं लागलं' असं सांगणारा माणूस मला या नोकरीत पहिल्यांदा भेटला."

मामीचा चमचा हवेतच राहिला.

"पोरगी वर्षातून एकदा येते," मामा पुटपुटला. "म्हटलं, तिची सुट्टी कशाला नासवा, ती गेल्यावर घरात सांगू."

आणि मी समजत होते, मीच त्याला जपतेय!